मत हें कोणाचें वतन नव्हे

शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापुरांतील कुलकर्णी वतनें खालसा केलीं, तेव्हां पुष्कळांच्या पोटांत दुखलें. गांवची लेखणी पिढ्यानपिढ्या एकाच घरांत; ती तेथून हालली तर गांव बुडेल, असा ओरडा झाला. गांव बुडाला नाहीं. वतनदार गेला, तलाठी आला, आणि सूर्य रोजच्या वेळेस उगवत राहिला. पण वतन गेलें म्हणून वतनाची बुद्धि जात नाहीं. ती आतां निवडणुकींत येऊन बसली आहे. ‘अमुक मतदारसंघ आमचा बालेकिल्ला’, ‘तमुक जात आमच्या खिशांत’, ‘आदिवासी तर आमचेच’ असें पक्षांचे पुढारी बोलतात, तेव्हां ते रयतेचें मत आपल्या बापजाद्यांचें वतन समजत असतात. आमच्या नंदुरबार जिल्ह्यानें ह्या समजुतीस दहा वर्षांत तीन वेळां चपराक मारली. ती कोणास बसली, कां बसली, आणि इतकें करूनही रयतेच्या पदरांत काय पडलें, ह्याचा विचार आज आम्हांस आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम हिशेब पाहूं. भावनेच्या भरांत बोलणारे पुढारी पुष्कळ, हिशेब सांगणारे थोडे.

नंदुरबारची लोकसभेची जागा आदिवासींसाठीं राखीव आहे. जिल्हा १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळा झाला, मतदारसंघ त्याहून जुना. आज त्यांत अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार व नवापूर हे ह्या जिल्ह्यांतले चार आणि साक्री व शिरपूर हे धुळे जिल्ह्यांतले दोन, असे सहा विधानसभेचे विभाग येतात. १९६७ पासून पुढें जवळजवळ अर्धें शतक येथून काँग्रेसखेरीज कोणी दिल्लीस गेलें नाहीं. १९७७ सालीं इंदिराबाईंची सत्ता देशभर कोसळली, तरी नंदुरबार जागचें हाललें नाहीं. कै. माणिकराव गावीत हे १९८१ च्या पोटनिवडणुकीपासून २००९ पर्यंत एकामागून एक नऊ वेळां निवडून आले. ह्याला वतन नाहीं तर काय म्हणावें?

२०१४ सालीं तें वतन मोडलें. राष्ट्रवादाचा झेंडा घेऊन आलेल्या भारतीय जनता पक्षातर्फे डॉ. हीना गावीत उभ्या राहिल्या. त्यांस ५,७९,४८६ मतें पडलीं, माणिकरावांस ४,७२,५८१. २०१९ सालीं त्याच बाईंनीं के. सी. पाडवी यांस ९५,६२९ मतांनीं हरविलें. आतां दुसऱ्या बाजूचे लोक म्हणूं लागले कीं नंदुरबार आमचें झालें. जुनें वतन मोडणाऱ्यासही नवें वतन हवेंसें वाटतें तें असें! मग १३ मे २०२४ रोजीं मतदान झालें. शेंकडा ७० हून अधिक मतदार भर उन्हांत रांगेंत उभे राहिले. ४ जूनला पेट्या उघडल्या, तों के. सी. पाडवी यांचे चिरंजीव गोवाल पाडवी यांस ७,४५,९९८ मतें, हीना गावीत यांस ५,८६,८७८. फरक १,५९,१२० मतांचा.

ह्या आंकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे, ती कोणी पुढारी आपण होऊन सांगणार नाहीं. २०२४ मध्यें हरतांना भाजपला जीं मतें पडलीं, तीं २०१४ मध्यें जिंकतांना पडलेल्या मतांहून अधिकच आहेत. २०१९ शीं ताडून पाहिलें तर त्या पक्षाचीं मतें ५२,२५८ नीं घटलीं. पण काँग्रेसचीं २,०२,४९१ नीं वाढलीं. म्हणजे एका खळ्यांतलें धान्य उचलून दुसऱ्या खळ्यांत टाकलें, एवढाच हा प्रकार नव्हे. जे पूर्वीं मतदानास येत नव्हते, जे नव्यानें वयांत आले, जे तिसरीकडे होते, असे पुष्कळ लोक घरांतून निघाले, तेव्हां निकाल फिरला. राष्ट्रवादाच्या पक्षाचा पाया जागच्या जागीं आहे. त्याच्यावर मात झाली ती बाहेर पडलेल्या रयतेच्या संख्येनें. जिंकणाऱ्यांनीं उगाच नाचूं नये, हरणाऱ्यांनीं उगाच रडूं नये.

आणि नाचणाऱ्यांचा नाच तरी किती दिवस टिकला? नोव्हेंबर २०२४ मध्यें विधानसभेची निवडणूक आली. तींच गांवें, तेच पाडे, तेच मतदार. त्या सहा विभागांपैकीं पांच विभाग भाजप व त्याच्या मित्रपक्षांनीं घेतले. काँग्रेसच्या हातीं एकटें नवापूर राहिलें, तेंही १,१२१ मतांनीं. खुद्द के. सी. पाडवी अक्कलकुव्यांत २,९०४ मतांनीं पडले. साडेपांच महिन्यांत वारें पार फिरलें.

असा निकाल उलटासुलटा लागला कीं शहरांतल्या पांढरपेशा पंडितांची जीभ सैल सुटते. जूनमध्यें जे हरले त्यांचे कैवारी म्हणाले, आदिवासी भोळा, त्यास अफवांनीं फसविलें. नोव्हेंबरांत जे हरले त्यांचे कैवारी म्हणाले, आदिवासी लोभी, त्यास पंधराशे रुपयांनीं विकत घेतलें. म्हणजे आमचा मतदार आपल्याकडे आला तर शहाणा आणि पलीकडे गेला तर कधीं भोळा, कधीं लोभी! पेढीवाला भाव पाहून माल फिरवितो, तो हुशार. ठेकेदार सरकार बदलतांच गळ्यांतला रुमाल बदलतो, तो मुत्सद्दी. आणि पाड्यावरची बाई आपल्या चुलीकडे पाहून मत फिरविते, ती मात्र विकाऊ! हा न्याय कोणत्या शास्त्रांतला?

फिरण्याचीच गोष्ट काढावयाची तर पुढाऱ्यांपासून आरंभ करावा. डॉ. विजयकुमार गावीत १९९५ सालीं अपक्ष निवडून आले, पुढें राष्ट्रवादी काँग्रेसमध्यें मंत्री झाले, २०१४ सालीं भाजपमध्यें गेले. त्यांच्या कन्या हीना गावीत यांनीं अक्कलकुव्यांत अपक्ष अर्ज भरून नोव्हेंबर २०२४ मध्यें पक्षास रामराम ठोकला. त्याच अक्कलकुव्यांत निवडून आलेले आमश्या पाडवी हे उद्धव ठाकरे यांच्या पक्षातर्फे विधान परिषदेंत गेलेले; ते मार्च २०२४ मध्यें एकनाथ शिंदे यांच्या पक्षांत दाखल झाले. पुढाऱ्यांनीं पक्ष बदलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण तराजू सर्वांस एकच असावा. पुढाऱ्याचें फिरणें हें धोरण आणि मतदाराचें फिरणें ही लबाडी, असा दुटप्पी काटा आम्ही चालूं देणार नाहीं.

मग मतदार कां फिरला? आमच्या समजुतीप्रमाणें सांगतों. २०१४ सालीं लोक जुन्या वतनास कंटाळले होते. तीस-बत्तीस वर्षें एकच नांव, आणि धडगांवच्या डोंगरांत पावसाळ्यांत आजारी बाई झोळींत घालून खालीं आणावी लागते ती लागतेच. नव्या पक्षानें विकासाचा शब्द दिला, लोकांनीं तो घेतला. दहा वर्षांनीं त्या शब्दाचा हिशेब निघाला. त्यांत २०२४ च्या निवडणुकींत चारशें जागांची आरोळी उठली आणि त्या पक्षाच्याच कांहीं पुढाऱ्यांनीं घटना बदलण्याची भाषा काढली. ज्या जिल्ह्यांत २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शेंकडा ६९ लोक अनुसूचित जमातींचे, तेथें घटना हें वकिलाच्या कपाटांतलें पुस्तक नव्हे. पोराची शाळा, नोकरींतली जागा, जमिनीचें संरक्षण, सारें तिच्या आधारावर उभें. त्यांतच २०२३ च्या मे महिन्यापासून मणिपूर पेटलेलें. तेथील आदिवासी बायांची विटंबना साऱ्या देशानें पाहिली. साक्रीकडच्या कांदेवाल्यांचें दुखणें आणखी निराळें. डिसेंबर २०२३ मध्यें सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली, ती उठविली ४ मे २०२४ रोजीं, मतदानास नऊ दिवस उरले तेव्हां. शेतकऱ्याच्या घरांत चाळींतला कांदा सडून गेल्यावर आलेलें औषध कोणाच्या कामाचें?

आणि नोव्हेंबरांत? ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना पंधराशे रुपये बायकांच्या नांवें खात्यांत पडूं लागले. जिच्या हातीं आजवर नवऱ्याच्या मजुरींतला उरलासुरला पैसा पडे, तिच्या स्वतःच्या नांवावर पैसा आला. तिनें त्याची जाण ठेवली, ह्यांत लाजण्यासारखें काय आहे? उसाच्या भावासाठीं, कर्जमाफीसाठीं बागाईतदार मत देतो तेव्हां त्यास कोणी विकाऊ म्हणत नाहीं. आमचें सांगणें इतकेंच कीं पंधराशे रुपये हा वांट्याचा एक तुकडा आहे, सबंध वांटा नव्हे. तुकडा घ्यावा, पण वांटा मागण्याचें सोडूं नये.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. राष्ट्रवादी म्हणविणारे पक्ष जेव्हां मत मागतात, तेव्हां ते राष्ट्राच्या नांवानें मागतात. राष्ट्र हा शब्द मोठा आहे. आम्ही त्याचा अनादर करीत नाहीं. पण जोतीराव फुल्यांनीं ‘सार्वजनिक सत्यधर्म’ ह्या पुस्तकांत जो प्रश्न टाकला, तो शंभर वर्षांवर होऊन गेलीं तरी उत्तराची वाट पाहत उभा आहे. लोक जातीजातींत फुटलेले, एकमेकांशीं रोटी-बेटी नाहीं, शेतकऱ्याला माणूस समजत नाहींत, मग हे सारे एकमय झाल्यावांचून राष्ट्र म्हणावयाचें कशाला, असा त्याचा मथितार्थ. हाच प्रश्न आमच्या तापीकांठावर आणि सातपुड्यांत विचारून पाहा.

राष्ट्रासाठीं ह्या भागानें कांहीं दिलें नाहीं असें कोणीं म्हणूं नये. १८५८ सालीं खाज्या नाईकाच्या मागें उभे राहिलेले भिल्ल अंबापाणीला इंग्रजांच्या फौजेशीं लढले. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबार शहरांत तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांवर गोळ्या सुटल्या. शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती जागीं पडले. १९४३ सालीं रावलापाणीस आप धर्माच्या आदिवासी मंडळींवर इंग्रजांच्या पोलिसांनीं गोळीबार केला. शहरांतल्या पोरांचा चौक झाला, तो व्हावयासच हवा होता. रावलापाणीचें नांव मात्र जिल्ह्याबाहेर किती जणांस ठाऊक आहे? राष्ट्राच्या वहींतही आमच्या लोकांचें रक्त वेगळ्या खात्यावर मांडलें जातें.

स्वराज्य आल्यावरही राष्ट्रानें मागितलें. तापीवर उकाईचें धरण १९७२ सालीं पुरें झालें. गुजरातेंत कालवे वाहिले, आणि नवापूर-नंदुरबारकडच्या गांवांचीं शिवारें पाण्याखालीं गेलीं. नर्मदेवर सरदार सरोवर उभें राहिलें, त्यांत अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं ३३ गांवें बुडितांत आलीं. त्यांतलें मणिबेली हें पहिल्या तडाख्यांत सांपडलेलें गांव साऱ्या जगांत गाजलें. पुनर्वसनासाठीं लोकांना वर्षानुवर्षें भांडावें लागलें, तुरुंग पाहावे लागले. राष्ट्राची तहान भागली हें खरें. पण ज्यानें नदी दिली त्याच्या डोंगरावर उन्हाळ्यांत बायको दोन-दोन कोस हंडा घेऊन कां चालते, ह्याचें उत्तर राष्ट्राचें नांव घेणाऱ्या कोणत्याही पक्षानें दिलेलें नाहीं. धरणें बांधतांना काँग्रेसही राष्ट्राचेंच नांव घेत होती, भाजपही घेते. म्हणून आमचा सवाल एका पक्षाला नाहीं, दोघांनाही आहे: राष्ट्राच्या शिवारांत आमचा वांटा किती, आणि त्याचा सात-बारा कोठें आहे?

हा सवाल विचारावयाचें रयतेनें सोडलें म्हणजे काय होतें, तें पाहावयास थोडें दूर जाऊं. नंदुरबारचा निकाल लागला त्याच आठवड्यांत, ६ ते ९ जून २०२४ ह्या दिवसांत, युरोप खंडांतल्या २७ देशांत एक निवडणूक झाली. त्या देशांनीं आपापलीं सरकारें ठेवून सर्वांची मिळून एक मोठी लोकसभा केली आहे. तिचे ७२० सभासद निवडावयाचे होते. मतदानास आले शेंकडा ५१. श्रीमंत, शिकलेल्या, मोटारींतून फिरणाऱ्या त्या मुलखांतले निम्मे मतदार घरीं बसले, आणि आमचे डोंगरांतले लोक दऱ्या उतरून रांगेंत उभे राहिले. लोकशाही कोणाला कळते ह्याचा निवाडा वाचकांनींच करावा.

तेथें काय घडलें? फ्रान्समध्यें ‘नॅशनल रॅली’ नांवाच्या राष्ट्रवादी पक्षास शेंकडा ३१ हून अधिक मतें पडलीं; पांच वर्षांपूर्वीं ती २३ च्या आसपास होतीं. राष्ट्राध्यक्ष माक्रों यांच्या बाजूस शेंकडा १५ सुद्धां पुरीं मिळालीं नाहींत, आणि त्याच रात्रीं त्यांनीं आपली लोकसभा बरखास्त केली. जर्मनींत ‘जर्मनीसाठीं पर्याय’ अशा नांवाचा पक्ष शेंकडा १५.९ मतें घेऊन दुसरा आला. पूर्व जर्मनींत, जेथें जुने कारखाने बंद पडले व तरुण गांव सोडून गेले, तेथें तो पहिला आला. ऑस्ट्रियांतही असाच एक पक्ष पहिला आला. त्या वर्षाच्या आरंभीं शेतकऱ्यांनीं डिझेलच्या व खर्चाच्या रागानें ट्रॅक्टर राजधान्यांत नेऊन उभे केले होते. म्हणजे दुःख खरें होतें. पण त्या दुःखावर ह्या पक्षांनीं सांगितलेलें औषध कोणतें? ते म्हणाले, तुझा वांटा परदेशांतून आलेल्या मजुरानें खाल्ला. त्याला हांकल, म्हणजे तुझें ताट भरेल. कारखाना ज्यानें बंद केला, भाव ज्यानें पाडला, त्याचें नांव नाहीं. ताटांत हात घातला कोणीं आणि बोट दाखविलें कोणाकडे!

त्याच निवडणुकींत उलट बाजूचाही दाखला आहे. फिनलंडमध्यें ‘फिन्स’ नांवाचा राष्ट्रवादी पक्ष २०२३ पासून सरकारांत बसलेला. सरकारनें गरिबांच्या मदतींत कपात चालविली. लोकांनीं ओळखलें, त्या पक्षाचीं मतें शेंकडा १३.८ वरून ७.६ वर आलीं आणि डाव्या पक्षाचीं १७ च्या वर गेलीं. फ्रान्समध्येंही महिन्याभरानें देशाची निवडणूक झाली, तेव्हां ३० जूनच्या पहिल्या फेरींत राष्ट्रवादी पुढें होते. पण इतर पक्षांच्या दोनशेंवर उमेदवारांनीं आपापसांत समजुतीनें माघार घेतली आणि ७ जुलैच्या दुसऱ्या फेरींत राष्ट्रवादी तिसऱ्या जागीं गेले. ह्यावरून दोन गोष्टी कळतात. झेंडा घेऊन आलेल्या पक्षाची परीक्षा अखेर चुलीपाशींच होते, ही एक. आणि रयत एकजूट करील तरच तिचें मत मोजलें जातें, ही दुसरी.

आमच्याकडेही हें बोट दाखविण्याचें काम चालू आहे. धर्म बदललेल्या आदिवासींचीं नांवें जमातींच्या यादींतून काढा, अशी मागणी गेलीं कांहीं वर्षें गांवोगांव फिरते आहे. नवापूर तालुक्यांत एकाच भाऊबंदकींत एक घर देवमोगरा मातेला जातें, दुसरें रविवारीं प्रार्थनेस जातें. दोघांचीही जमीन कोरडवाहू, दोघांचीही पोरें दिवाळीनंतर कोयता घेऊन गुजरातच्या उसाच्या फडांत जातात, दोघेही मुकादमाची उचल फेडीत बसतात. एकाचें नांव यादींतून काढल्यानें दुसऱ्याच्या घरांत एक पायली ज्वारी अधिक येणार आहे काय? तसेंच धनगर आणि आदिवासी यांस एकमेकांसमोर उभें करणें, शहाद्याकडच्या कष्टाळू शेतकऱ्यास सांगणें कीं तुझा वैरी तुझा सालदार, आणि सालदारास सांगणें कीं तुझा वैरी गांवांत आलेला परप्रांतीय मजूर. कापसाचा भाव कोण ठरवितो, मिरचीच्या पथारीवर दिवसभर डोळे चुरचुरत बसणाऱ्या बाईची मजुरी कोण ठरवितो, बियाणें-खताची किंमत कोण चढवितो, ह्या प्रश्नांकडे मात्र बोट वळत नाहीं. लोहाराचा भाता विझला, कुंभाराचें चाक थांबलें, तें शेजारच्या जातीनें थांबविलें नाहीं. भिंत घालणारा गवंडी निघून जातो. भिंतीच्या दोन्ही बाजूंस उपाशी राहतात ते आपलेच लोक.

येथें आमच्या चळवळीच्या जुन्या इतिहासाचें स्मरण देणें भाग आहे. १९१९ च्या सुधारणांनंतर ब्राह्मणेतर पक्ष कौन्सिलांत गेला. पुढें केशवराव जेधे यांच्यासारखे पुढारी व त्यांच्यामागून बहुजनसमाज काँग्रेसमध्यें गेला. डिसेंबर १९३६ मध्यें आमच्याच खानदेशांत फैजपूरला काँग्रेसचें अधिवेशन भरलें; खेड्यांत भरलेलें तें पहिलें. १९३७ च्या निवडणुकींत मुंबई इलाख्यांतल्या १७५ जागांपैकीं ८६ काँग्रेसनें घेतल्या, त्या शेतकऱ्यांच्या मतांवर. दहा वर्षांनीं काय झालें? तेच जेधे, तेच शंकरराव मोरे १९४७-४८ सालीं म्हणूं लागले कीं ह्या पक्षांत कुणब्याचें कोणी ऐकत नाहीं, आणि शेतकरी कामकरी पक्ष निघाला. राष्ट्रवादी पक्षांत जाणें वाईट नव्हतें. पण वाड्यांत शिरतांना कुणब्यानें आपली संघटना दाराबाहेर ठेवली, आणि आंत गेल्यावर तो एकटा पडला. इकडे खानदेशांतही मत पूर्वीं फिरलेलें आहे. १९५७ सालीं देशभरांत जनसंघाचे अवघे चार सभासद लोकसभेंत गेले, त्यांतले एक धुळ्याचे उत्तमराव पाटील. तेव्हां मत फिरणें ही कांहीं नवलाई नव्हे. फिरलेल्या मताच्या मागें उभी राहणारी संघटना नसणें, हेंच आमचें जुनें दुखणें.

संघटना असली म्हणजे काय होतें, हें पाहावयास शहाद्याबाहेर जाण्याचें कारण नाहीं. १९३७-३८ च्या सुमारास गुलाम महाराजांनीं आरती सुरू करून हजारों आदिवासींस दारूपासून सोडविलें. १९७२ सालीं अंबरसिंग महाराजांच्या पुढाकारानें श्रमिक संघटना उभी राहिली. सावकारानें कागद करून गिळलेल्या जमिनी परत मिळाल्या, सालदाराचा पगार वाढला, बायांनीं दारूचीं मडकीं फोडलीं. त्या वेळीं नंदुरबारचा लोकसभेचा सभासद बदललेला नव्हता. जागा काँग्रेसचीच होती. तरी रयतेचें बळ पाहून सरकारला हालावें लागलें, आणि आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा १९७४ सालीं झाला. उलट २०१४ पासून सभासद बदलले, पक्ष बदलले, पण ज्याच्या ताब्यांत तीन पिढ्या वनजमीन आहे त्याचा दावा कचेरींत धूळ खात पडतो. मत फिरविणें म्हणजे बैल बदलणें. शेत नांगरावयाचें तर कासरा आपल्या हातीं पाहिजे.

आणि बैल तरी खरोखर बदलला काय? जिंकलेले गोवाल पाडवी हे माजी मंत्र्यांचे चिरंजीव, हरलेल्या हीना गावीत ह्या माजी मंत्र्यांच्या कन्या, नवापूरचे शिरीषकुमार नाईक हे सुरूपसिंग नाईक यांचे चिरंजीव. ह्या व्यक्तींच्या कर्तबगारीविषयीं आम्हांस कांहीं म्हणावयाचें नाहीं. मंत्र्याच्या मुलानें निवडणूक लढवूं नये असा कायदा नाहीं. पण एवढ्या मोठ्या जिल्ह्यांत भिल्ल, पावरा, मावची, कोकणा समाजांचीं शिकलेलीं हजारों पोरें असतांना तिकिटाचा कागद फिरून फिरून त्याच चार ओट्यांवर कां जाऊन बसतो? पलीकडे दिंडोरींत २०२४ मध्यें भास्कर भगरे ह्या एका शाळामास्तरानें केंद्रांतल्या मंत्र्यांस १,१३,१९९ मतांनीं हरविलें. मास्तर निवडून येऊं शकतो, हें रयतेनें दाखविलें आहे. पक्षांनीं तें पाहावयाचें आहे.

तेव्हां आमचें सांगणें थोडक्यांत असें. बांधवांनो, तुमचें मत फिरतें ह्याची लाज बाळगूं नका. फिरतें म्हणूनच पुढारी तुमच्या पाड्यापर्यंत येतो. पण मत देऊन घरीं जाऊन निजूं नका. १९९६ च्या पेसा कायद्यानें आदिवासी गांवच्या ग्रामसभेस अधिकार दिले आहेत, २००६ च्या वनहक्क कायद्यानें कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला आहे. हे कायदे कोणा पुढाऱ्यानें खिशांतून काढून दिलेले नाहींत. ते तुमचे आहेत. ग्रामसभा भरवा, बायांस पुढें बसवा, आणि गांवची मागणी कागदावर उतरवा: वनहक्काचे किती दावे पडून आहेत, किती पोरें फडांत गेल्यानें शाळेबाहेर आहेत, दवाखान्यांत डॉक्टर किती दिवस असतो, विहिरीस पाणी किती महिने असतें. जो उमेदवार राष्ट्राच्या नांवानें मत मागावयास येईल, मग त्याचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो, त्याच्या हातीं तो कागद ठेवा. वर्षानें तोच कागद घेऊन त्याच्या दारीं जा. एका गांवानें गेल्यास तो चहा पाजून वाटेस लावील. पन्नास गांवांनीं एकदम गेल्यास उठून उभा राहील.

ज्यास हा कागद हातीं घेण्याची लाज वाटते, त्याचें राष्ट्र कोठें तरी दुसरीकडे आहे. आणि जो आमच्या एका भावाकडे बोट दाखवून दुसऱ्याचें मत मागतो, त्याला रिकाम्या हातीं परत पाठवा. वतनदारी एकदां गेली. ती मतपेटींतून पुन्हां घरांत घेऊं नका.